चार नंबरच्या खाटेचं इंजेक्शन

हे लिहायला बसलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, की कुणाची तरी नोकरी घालवायची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी फार शहाण्यासारखा बोलायला लागलो तर वाचणाऱ्यानं फसू नये. राग आजही गेलेला नाही. त्यानं तोंड फिरवलं, एवढंच.

मी निलंगा तालुक्यातला, नाव बालाजी. सातवी पास, आठवीत शाळा सोडली. वेल्डिंग शिकलो, आणि दोन हजार सातच्या सुमाराला जयगडला बंदराचं मोठं काम निघालं तेव्हा ठेकेदाराबरोबर कोकणात आलो. बायको सुरेखा आणि चार वर्षांची मुलगी गावाकडं. लिहायची सवय नाही. पण आजारात माझ्या बाबतीत जे झालं ते दुसऱ्याच्या बाबतीत होऊ नये, म्हणून लिही, असं दोघाचौघांनी सांगितलं. त्यातल्या एकानं वही आणि पेनसुद्धा आणून दिलं. काही कमी-जास्त असेल तर सांभाळून घ्यावं.

कोण आहे बरोबर?

भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये मला हुडहुडी भरली. बाहेर ऊन, समोर वेल्डिंगची धग, आणि मी दातावर दात आपटतोय. सोबतचे हसले. "घाटी माणसाला खारा वारा बाधला," म्हणाले. मीपण हसलो. तिसऱ्या दिवशी उठता येईना तेव्हा कुणी हसलं नाही.

जयगडच्या दवाखान्यात रक्त तपासलं. मलेरिया निघाला. मला बरं वाटलं, कारण आमच्याकडं मलेरिया म्हणजे गोळ्या आणि तीन दिवस. डॉक्टर म्हणाले, हा तो नाही, हा डोक्यात जाणारा आहे, आजच्या आज रत्नागिरीला ॲडमिट व्हा. मग चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, "बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

त्यांनी पेन थांबवलं. माझ्याकडं बघितलं आणि परत लिहायला लागले. रोगाचं नाव ऐकून मी घाबरलो नव्हतो. ते पेन थांबलं तेव्हा घाबरलो.

खिळे

दवाखाना खाजगी, रत्नागिरी शहरात. नाव लिहीत नाही. तिथं आजही माणसं बरी होतात, आणि मीपण शेवटी तिथंच बरा झालो. वरच्या मजल्यावर सहा खाटांचा वॉर्ड. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी भिंतीत एक खिळा आणि खिळ्याला लटकवलेलं पॅड. पॅडवर त्या पेशंटचे सगळे कागद. ताप, औषधं, इंजेक्शनं. सकाळी साडेसातला इंजेक्शनं, आठला सिस्टर लोकांची पाळी बदलायची, मग उपमा नाहीतर पोहे, नऊला माझं सलाईन, अकराला मोठे डॉक्टर.

या भागात माणसाला गावावरून हाक मारायची पद्धत आहे, वॉर्डातसुद्धा. "सावर्डे, ताप बघू." "हर्णे, जेवलात का?" माझ्या कागदावर पत्ता जयगड होता, म्हणून मी जयगड. खरं सांगतो, मला ते फार आवडलं. सहा महिने या जिल्ह्यात मी नुसता घाटी होतो. इथं पहिल्यांदा कुणीतरी मला या किनाऱ्यावरचं गाव दिलं.

माझी खाट तीन नंबर, खिडकीजवळ. शेजारी चार नंबरला एक म्हातारे गृहस्थ होते, हसनचाचा. तेही जयगडचे. अर्धं आयुष्य जहाजावर काढलेले. साखरेचा आजार, आणि पायाची जखम बरी होत नव्हती म्हणून आलेले. त्यांची सून, खैरूनभाभी, दिवसभर त्यांच्याजवळ असायची. पहिल्याच दिवशी चाचांनी माझी उलटतपासणी घेतली.

"तू जयगडचा? कुठल्या मोहल्ल्यातला? बघितला नाय कधी तुला."

"मी बंदराच्या कामावर आहे चाचा. मूळचा निलंग्याचा."

"ते खंय आलं?"

"लातूरकडं."

"म्हणजे घाटी. मग आमचं गाव काय लावून बसलास? फुकटात मिळालं होय?"

खैरूनभाभी म्हणाली, "असू दे ओ अब्बा, तुम्हाला कुठं त्याच्याकडून भाडं घ्यायचंय." आणि तिनं मला डब्यातली तांदळाची भाकरी दिली. पुढं रोजच द्यायला लागली. मी एकदाही नको म्हणालो नाही, कारण दवाखान्याचा उपमा माझ्यानं गिळवत नव्हता, आणि त्या भाकरीला कुणाच्या तरी घराचा वास होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचा म्हणाले, मला वारा लागत नाय, भिंतीकडं जीव घुसमटतो. मला थंडी वाजून येत होती आणि खिडकीतला वारा सुईसारखा टोचत होता. मी म्हटलं, चाचा, तुम्ही इकडं या. वडीलधारा माणूस, त्यात दोन दिवस त्यांचीच भाकरी खातोय. खैरूनभाभीनं अर्ध्या तासात सगळं हलवलं. चादरी, उशा, डबे, चपला, चाचांची काठी. भिंतीवरचे कागद तेवढे जागेवर राहिले. त्यांना हात लावावा असं आमच्यातल्या कुणाला वाटलंच नाही. आम्ही समजायचो, तो कागद खाटेचा असतो.

ती सकाळ

साडेसातला एक सिस्टर आली. मी तिला आधी बघितलं नव्हतं. तरुण, डोळे लाल, केस सुटलेले. तिनं चार नंबरच्या खिळ्यावरचा कागद बघितला, मग मला बघितलं.

"जयगड ना?"

"हो."

दंडात सुई दिली आणि म्हणाली, "नाश्ता करा हां लगेच." उपमा आला तेव्हा मळमळत होतं. मी ताटली सरकवून ठेवली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. हात कापत होते. अंगावरची चादर ओली झाली होती आणि ती बाजूला कशी करायची ते सुचत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, घाम आलाय, ताप उतरतोय, झोपू दे त्याला. मला ओरडून सांगायचं होतं की मी झोपलेलो नाही. तोंड कुठं आहे तेच सापडत नव्हतं. भीतीसुद्धा माणसाला शुद्ध असेल तरच नीट वाटते. मला मी विझतोय एवढंच कळत होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. ते आठवलं की आज जास्त भीती वाटते.

चाचा ड्रेसिंगला खाली गेले होते. साडेदहाला परत आले, मला बघितलं आणि काठी खाटेवर आपटून ओरडायला लागले. "साखर उतरलीय ह्याची. माझी उतरते तेव्हा असाच होतो मी. डॉक्टरला बोलवा, साखर बघा पहिली." त्यांच्या ओरडण्यामुळं मी आज हे लिहितोय. माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्यांची यादी केली तर पहिलं नाव त्यांचं.

मुलीचं नाव

शुद्धीवर आलो तेव्हा दुसरा दिवस होता आणि सुरेखा समोर होती. रात्रभर एसटीनं आलेली, पदराला धूळ. तिनं गावाला फोन लावून माझ्या कानाला धरला. पलीकडून मुलगी म्हणाली, "पप्पा." मला तिचं नाव आठवेना.

आवाज ओळखला. तिचे कान टोचले तेव्हा ती किती रडली ते आठवलं. नाव येईना. मी नुसतं "हां बाळा, हां बाळा" करत राहिलो. सुरेखाच्या लक्षात आलं. तिनं फोन काढून घेतला आणि तोंड भिंतीकडं केलं.

तीन दिवस ते नाव आलं नाही. मी सुरेखाला विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. चौथ्या दिवशी पाणी पिताना आपोआप आलं. वैष्णवी. मी ते खैरूनभाभीकडून कागद घेऊन त्यावर लिहिलं आणि खिशात ठेवलं. उजव्या हाताला बारीक थरथर राहिली ती मात्र गेली नाही. आज मी वेल्डिंग करत नाही. स्टोअरला बसून दुसऱ्यांना रॉड मोजून देतो.

काय झालं ते चाचांनीच सांगितलं. "बालाजी, माझी सुई तुला मारली त्या पोरीनं. साखरेची सुई ती."

मोठ्या डॉक्टरांना सुरेखानं विचारलं तर ते म्हणाले, "बाई, मलेरियाच्या सलाईननं साखर उतरते. माहीत असलेला परिणाम आहे. वाचला, नशीब समजा." कार्डावर तसंच लिहिलं. औषधाचा परिणाम.

त्या शब्दांवर मी रात्रंदिवस जळलो. त्या सिस्टरचं नाव काढून घेतलं. मनाली, सावर्ड्याकडची, नवीन लागलेली. मी पडल्या पडल्या तिचं काय काय करायचं ते ठरवायचो. आधी नोकरी. मग तिच्या गावात जाऊन सांगायचं, हिनं माणूस मारला असता. तिच्या आईसमोर सांगायचं. त्यातच माझा दिवस चांगला जायचा, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

सुरेखाचा राग वेगळाच. "खाट कशाला दिली तुमी?"

"म्हातारा माणूस होता."

"सख्ख्या भावाला कदी खाट दिली नाही. गावात कुनी बसायला आलं तर कट्ट्यावर बसवता. अन् हितं दानधर्म." मग जरा वेळानं, "चला गावाकडं. हितं कोन हाय आपलं?"

मी म्हणालो, त्या पोरीला घालवल्याशिवाय जागचा हलणार नाही. त्यावर दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. ती मला भरवायची, पण न बोलता.

रकाना नसलेला फॉर्म

सावंतसाहेब आमच्या साइटचे सेफ्टी ऑफिसर. माणूस रत्नागिरीचाच. मोसंबी घेऊन बघायला आले. मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, साहेब, मला अर्ज लिहून द्या, त्या सिस्टरच्या विरोधात.

ते म्हणाले, "देतो. पण तुला राग आलाय ना? मग नीट काढू तो. साइटवर अपघात झाला की पहिलं काय करतो आपण?"

"जागा हलवायची नाही. ज्यांनी ज्यांनी बघितलं त्यांना वेगवेगळं विचारायचं."

"मग इथं वेगळं काय आहे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी साइटवरचा अपघात तपासाचा फॉर्म आणला, मराठीत झेरॉक्स, सहा पानं. आणि ही वही. पहिल्या पानावर त्यांनी पट्टीनं एक आडवी रेघ मारली. म्हणाले, ही वेळेची रेघ. खाट बदलली तिथपासून चाचा ओरडले तिथपर्यंत. जे जे झालं ते वेळेनुसार हिच्यावर मांड. प्रत्येकाखाली लिही, हे कुणी बघितलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. मग प्रत्येकाला विचार, का. उत्तर आलं की परत का. उत्तर संपेपर्यंत.

मी सहा पानं उलटून बघितली. "ह्यात दोषी माणसाचं नाव कुठं लिहायचं?"

"रकानाच नाही."

"मग हा फॉर्म काय कामाचा?"

ते हसले नाहीत. "गेल्या पावसाळ्याआधी क्रेनचा हूक सुटला. कुणाला घालवला?"

"हेल्परला."

"महिन्याभरानं परत सुटला. तेव्हा हेल्पर कुठं होता?"

"गावाला."

"मग?"

मला ते पटलं नाही. पण माझ्याकडं दुसरं काही करायलाही नव्हतं, आणि मला वाटलं, रेघ मारून का होईना, शेवटी तिच्याच नावावर जाऊन पोचणार.

का, परत का

खैरूनभाभीची एक छोटी डायरी होती. सासऱ्याची साखर रोज सकाळी-दुपारी किती, ते लिहायची. त्या दिवशी दुपारचा आकडा सगळ्या डायरीत मोठा. तिनं त्याला दोनदा गोल केला होता. माझी साखर तळाला गेली त्याच दिवशी चाचांची वर गेली. मलेरियाच्या सलाईननं माझी उतरेल, पण चाचांची कशी चढेल? मी तो आकडा वहीत उतरवला तेव्हा मला पहिल्यांदा हातात हत्यार आल्यासारखं वाटलं.

मग चाचांना विचारलं. "त्या दिवशी तुम्हाला सुई मिळाली नाही. तुम्ही बोलला का नाही?"

चाचा म्हणाले, "मी म्हटलं, विसरली असेल पोरगी. एक दिवस सुटलो. कशाला आठवण करा." मग म्हणाले, "लिही. माझं पण लिही त्यात. हसनमियाँ गप्प बसला असं लिही."

नऊ वाजता मला सलाईन लावलं ते दिवसपाळीच्या शेट्ये सिस्टरनी. त्या मला चेहऱ्यानं ओळखत होत्या. मी चार नंबरवर दिसल्यावर तीन नंबरचं पॅड त्यांनी इकडं आणलं आणि चार नंबरचं तिकडं टांगलं. सलाईन बरोबर माणसाला लागलं. मी घामानं निथळत होतो. त्या म्हणाल्या, "मलेरियात घाम फुटला की माणूस सुटतो. इतकी वर्षं तेच बघत आले. मी तुला उठवलं नाही, कारण मला बरं वाटलं तुझं." रडल्या. मी त्यांचं रडणं वहीत लिहिलं नाही. वेळ लिहिली.

आणि मग रेघेवर साडेसात वाजले. तिथं लिहायचं होतं, पेशंटची ओळख कशी पटवली? मी लिहिलं, कागद बघितला आणि विचारलं, जयगड ना. पेशंट काय म्हणाला?

हो म्हणाला.

पेन तिथं थांबलं. वॉर्डात जयगडचे दोघं होते. ते मला माहीत होतं, तिला नव्हतं. मी हो म्हणालो, कारण मला त्या नावानं हाक मारलेली आवडायची. हे सुरेखाला सांगायला मला एक दिवस लागला. तिनं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "लिवा. नाहीतर समदं खोटं ठरंल."

मनाली सिस्टर मला जिन्यात भेटली, सकाळी पाळी संपवून उतरताना. मी भिंत धरून मुद्दाम उभा होतो. बोलायचं सगळं पाठ केलं होतं.

"माझं नाव काय?" मी विचारलं.

"चार नंबर..."

"नाव."

ती एक पायरी मागं चढली. मला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ती म्हणाली, "मला नाय माहीत ओ. त्या दिवशी मी रात्रभर खाली बाळंतपणात होते. वरच्या सिस्टर रजेवर. सकाळी सांगितलं, वरची इंजेक्शनं देऊन मग जा. मी तो वॉर्ड चार दिवसांनी बघत होते. चुकलं माझं. मी लिहिलंय तसं."

"कुठं लिहिलंय?"

"रिपोर्ट बुकात. मला हॉस्टेलवरून परत बोलावलं तेव्हा सगळं लिहिलं, वेळेसकट. ते पान आता नाय त्यात."

"कुणी काढलं?"

तिनं मोठ्या डॉक्टरांच्या केबिनकडं नुसतं बघितलं. "मला म्हणाले, तोंड उघडलंस तर तूच जबाबदार."

तिला मी माफ केलं असं कुणी समजू नये. आजही ती समोर आली तर मी तिच्याशी हसून बोलणार नाही. पण जिन्यात उभ्या उभ्या माझा राग तिच्या अंगावरून उठला आणि केबिनकडं चालायला लागला. चुकीनं मी एकदा मेलो होतो. ते पान काढणारा मला परत एकदा मारत होता, तेही शुद्धीत.

दवाखान्यात असाल तर

पुढचं सांगण्याआधी, ज्यांचं माणूस आज ॲडमिट आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. मी डॉक्टर नाही. मला महागात पडल्या त्याच सांगतो.

खाट बदलू नका. बदललीच तर सिस्टरला सांगून बदला आणि तिच्याकडूनच कागद हलवून घ्या. सुई टोचायच्या आधी स्वतःचं पूर्ण नाव मोठ्यानं सांगा आणि हे कशाचं आहे ते विचारा. कुणी चिडलं तर चिडू दे. रोजची सुई, रोजची गोळी आली नाही तर खूश होऊ नका, विचारा. एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, काय दिलं, कुणी दिलं. खैरूनभाभीची डायरी नसती तर माझं कुणी ऐकलं नसतं. काही विपरीत झालंच तर आठवतंय तोवर, त्याच दिवशी लिहून काढा, आणि ज्यांनी बघितलं त्यांना एकत्र बसवू नका, वेगवेगळं विचारा. केसपेपरची झेरॉक्स लेखी अर्ज देऊन मागा. आणि आपलं स्वतःचं काय चुकलं तेही लिहा. त्यानं बाकीच्या कागदाला वजन येतं.

त्या दवाखान्यात आता पेशंटच्या मनगटाला चिकटपट्टी लावून तिच्यावर नाव लिहितात. रिपोर्ट बुकाच्या पानांवर छापील नंबर आहेत. मी दोनदा जाऊन बघून आलोय. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पायरीवर कुणीतरी कुजबुजलं, आला तो. मला बरं वाटलं.

पान

डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांनी परत दाखवायला बोलावलं होतं. मी, सुरेखा आणि सावंतसाहेब केबिनमध्ये गेलो. मी वही टेबलावर ठेवली. रेघ, वेळा, डायरीतला आकडा. जिन्यातलं बोलणंही सांगितलं, आधी मनालीला विचारून. ती म्हणाली होती, सांगा, तसंही मला झोप नाय.

मोठ्या डॉक्टरांनी वही वाचली. पूर्ण वाचली, ते मान्य केलं पाहिजे. मग चष्मा काढून म्हणाले, "ठीक आहे. त्या मुलीला उद्यापासून बंद करतो. झालं समाधान?"

महिनाभर जे मागितलं ते समोर ठेवलं होतं. सुरेखानं कोपरानं ढोसलं, घ्या म्हणून की नको म्हणून, ते मला आजवर कळलेलं नाही. मी हो म्हणणारच होतो. मग डोक्यात आलं, ती गेली की पानाचं माहीत असणारी जाईल. हा इथंच, याच खुर्चीवर, आणि वर सहा खाटा.

"मला तिची नोकरी नको," मी म्हणालो. "मला तुमचं अक्षर पाहिजे. काय झालं ते लिहून द्या, सही-शिक्क्यानं."

"मी असं काही लिहून देत नसतो."

सावंतसाहेब शांतपणे म्हणाले, "साइटवरची आमची माणसं तुमच्याकडंच येतात डॉक्टर. पुढं पाठवायची की नाही हे मला ठरवायचंय. त्यासाठी कागद लागेल."

डॉक्टरांनी लेटरहेड ओढलं. लिहिलं, औषधांच्या गोंधळामुळं. मी म्हटलं, गोंधळ नको, कुणाचं इंजेक्शन कुणाला ते लिहा. त्यांनी खोडून लिहिलं. मी म्हटलं, खाट आम्ही आपसात बदलली तेही लिहा, आणि मी हो म्हणालो तेही.

त्यांनी वर बघितलं. चेहरा जरा खुलला. "म्हणजे तुमचीही चूक होती."

"होती. लिहा. आणि आता पानाचं लिहा."

त्यांनी बाहेर केसपेपर काढणाऱ्या बाईला हाक मारली, मग नको म्हणाले. मला वाटलं आता उठून जातील. मग त्यांनी लिहिलं, नोंदवहीतील त्या दिवसाचे पान माझ्या सांगण्यावरून काढण्यात आले. सही केली, शिक्का मारला आणि कागद माझ्याकडं ढकलला. घड्याळ बघितलं. "बाहेर पेशंट आहेत," म्हणाले.

"वाचून घेतो," मी म्हणालो.

केबिनचं दार उघडं होतं. बाहेर बाकांवर ओपीडीची माणसं दाटीवाटीनं बसली होती. मला वाचायला वेळ लागतो. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, मोठ्यानं, एकेक शब्द सोडवत. बाहेरचं बोलणं हळूहळू थांबलं. पानाच्या ओळीपाशी आलो तेव्हा ती मला नीट लागली नाही असं म्हणालो, आणि परत वाचली.